खेपेला एक सूप

माझं अक्षर चांगलं आहे. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, कारण या अक्षरानंच मला गोत्यात आणलं. सव्वीस वर्षं अंगणवाडीत काढली. पोरांची वजनं आणि लसींच्या तारखा रजिस्टरात लिहिता लिहिता हात असा वळला, की गावात कुणाला अर्ज करायचा झाला की लोक कोरा कागद घेऊन माझ्या दारात यायचे. कुणाचं राशनकार्ड, कुणाचा विजेचा खांब. कौतुक होत गेलं, आणि कौतुकानं माणूस बिघडतं. आपल्याला कायदा कळतो असं मला वाटायला लागलं. खरं तर कळत होतं ते फक्त शुद्धलेखन.

आमचं रान तामलवाडीच्या बाजूला, हायवे सोडून चार किलोमीटर आत. गावाच्या रस्त्याला लागून आधी पुढचं रान, आणि त्याच्या पाठीमागं आमचं. पुढचं रान माझ्या चुलत दिराचं. त्यांना मी भावजी म्हणते. त्यांची आई म्हणजे माझी चुलत सासू, तिला सगळा गाव काकू म्हणतो, मीही काकूच म्हणते. माझ्या सासूबाई आणि या काकू सख्ख्या जावा. दोघींचे नवरे भाऊ, एकाच रानाचे दोन तुकडे झालेले. आमच्या तुकड्यातून माल बाहेर काढायचा तर पुढच्या रानातूनच काढावा लागतो, दुसरा इलाज नाही. मागं ओढा आहे, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांचे बांध. पुढच्या रानाच्या कडेनं एक गाडीवाट होती, बैलगाडीच्या दोन चाकांनी पडलेली, मधे गवताची पट्टी. त्या वाटेनं माझ्या सासऱ्यांची ज्वारी गेली, मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तूर गेली, आणि ते गेल्यावर माझी द्राक्षं जायला लागली.

त्या वाटेचा एक रिवाज होता. सुगीला पहिली गाडी भरून निघाली की ती पुढच्या रानात, चिंचेखाली थांबवायची. काकू तिथं आलेल्या असायच्या. त्यांच्या पदरात एक सूप भरून ज्वारी ओतायची. त्या बैलांच्या कपाळाला हळद-कुंकू लावायच्या, आणि मग गाडी हलायची. मी नवी सून असताना सासूबाईंना विचारलं होतं, हे कशाला? त्या म्हणाल्या, "वाटंचा मान हाय. सूप दिल्याबिगर गाडी हलवायची न्हाय." सासूबाई कमी बोलायच्या. त्यांच्या एका वाक्यापुढं दुसरा प्रश्न विचारायची माझी टाप नव्हती, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, माझी टाप नसणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे ते.

सासूबाई गेल्या, बैल गेले, रानात द्राक्षबाग आली. मी सुपाऐवजी पहिला क्रेट देऊ लागले. काकू टेम्पोच्या बॉनेटला कुंकू लावायच्या. ड्रायव्हर हसायचा आणि पाया पडायचा.

भांडण कशावरून झालं तेही खरं सांगते. चूक माझी होती. निदान सुरुवातीची तरी.

भावजींनी त्यांच्या रानात ठिबकच्या नळ्या अंथरल्या होत्या. माझ्याकडं खताच्या गोण्या घेऊन आलेल्या टेम्पोनं वळताना त्यातली एक नळी चिरडली. भावजी सांगायला आले, चांगल्या शब्दांत सांगितलं. मी म्हटलं, बघते. पंधरा दिवसांनी त्याच टेम्पोनं पुन्हा तीच नळी चिरडली. या वेळी त्यांचा आवाज चढलेला होता. मी औषध फवारणीच्या गडबडीत होते, डोक्यावर ऊन होतं, आणि माझी जीभ माझ्या आधी धावते. मी म्हणाले, "नळी तुटली तर तुटली, सोन्याची व्हती का?"

भावजी माझ्याकडं बघून निघून गेले. आठ दिवसांत त्यांच्या रानाला तारेचं कुंपण झालं, वाटेच्या तोंडाला लोखंडी फाटक बसलं आणि फाटकाला कुलूप लागलं. हे सगळं कधी, तर येळवशीच्या आदल्या दिवशी.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करून आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, भज्जी, उंडे आणि आंबिलाचा नैवेद्य दाखवायचा, आणि वाटेनं जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी कुणाचं रान कुणाला बंद नसतं. वैरीसुद्धा पंगतीला बसतो. मी आंबिलाचं गाडगं डोक्यावर घेऊन आले, मागं पुण्याहून आलेली माझी लेक, आणि समोर कुलूप. अंगाची लाही झाली. शेजारच्याच्या बांधावरून चढून गेले. चढताना पाय सरकला आणि निम्मं आंबील माझ्या अंगावर सांडलं. काकूंनी त्यांच्या कोपीतून ते पाहिलं. त्यांनी हाक मारली, "ये गं, जेवून जा दोघी." येळवशीची हाक मोडायची नसते. मी मोडली. मान वळवूनही बघितलं नाही. आजही ती गोष्ट आठवली की मला माझाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी तहसीलदारांना अर्ज लिहिला. तीन पानं. वहिवाटीचा रस्ता अडवला आहे, द्राक्षं दीड महिन्यात तयार होतील, टेम्पो बांधापर्यंत आला तरच व्यापारी माल उचलतो, नाहीतर बाग जागेवर सडेल, हे सगळं लिहिलं. एवढं पुरे होतं. पण अक्षर रंगात आलं होतं. आम्ही किती मोठ्या मनाची माणसं आहोत हे साहेबांना कळायला नको का? म्हणून मी पुढं लिहिलं, "आमच्या घराण्याची पूर्वापार रीत अशी, की दरवर्षी पुढील रानाच्या मालकांना सूपभर धान्य मानाने देऊन व त्यांची अनुमती घेऊनच आम्ही गाडी नेतो." 'अनुमती' हा शब्द मला फार आवडला होता. दोनदा वाचला. लेकीलाही वाचून दाखवला. सही केली आणि तुळजापूरला जाऊन अर्ज देऊन आले.

पेशीची, म्हणजे सुनावणीची तारीख पडेपर्यंत मण्यांत गोडी भरायला लागली. रोज बांधावरून चालत जायचं, चालत यायचं. बागेत जाताना काकू दिसायच्या. त्यांच्या रानात ज्वारी हुरड्यातून पुढं गेलेली, आणि त्या चिंचेखाली बसून पत्र्याचा डबा वाजवून पाखरं उडवायच्या. कुंपणाच्या त्या बाजूला त्या, या बाजूला मी. मी बोलत नव्हते. त्या मात्र बोलायच्या. एकदा मी बांधावर डबा उघडून जेवत होते तर तारेपलीकडून त्यांनी विचारलं, "आज बी भातच?"

मी म्हटलं, "बदल म्हणून."

"परवा बी बदलच व्हता."

मी डबा झाकला. खरं कारण हे होतं, की गेली तीन वर्षं सगळं रान मी द्राक्षाला दिलं होतं. ज्वारीची एक ओळ नव्हती. गेल्या वर्षीची बाग गारपिटीनं गेली होती, आणि घरात राशनचा तांदूळ तेवढा होता. ज्वारी विकत आणायला हातात पैसा नव्हता. लेकीला सांगितलं असतं तर तिनं पाठवलं असतं सगळं, पण सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड नको तिथंच उघडतं. आमच्याकडं भाकरी नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. कुणाला कळलं नाही असं मी समजत होते.

पेशीला भावजींनी वकील आणला. पोरसवदा, चष्मा लावलेला, बोलायला गोड. त्यानं माझा अर्ज हातात घेतला आणि म्हणाला, "साहेब, अर्जदार ताईंचं अक्षर फार सुंदर आहे." मी खुलले. मग त्यानं ते सुपाचं वाक्य मोठ्यानं वाचलं, 'अनुमती' या शब्दावर थांबला, आणि शांतपणे म्हणाला, "वहिवाट म्हणजे हक्कानं वापरलेली वाट. इथं अर्जदार स्वतःच लिहून देतात, की दरवर्षी धान्य देऊन परवानगी घ्यावी लागत होती. म्हणजे हक्क नव्हताच. मेहेरबानी होती. मालकानं ती आता बंद केली."

आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तोही वळणदार अक्षरात. साहेबांनी विचारलं, "सूप देत होता हे खरं?" मी म्हटलं, खरं. "ते विचारूनच गाडी नेत होता?" मी म्हटलं, "साहेब, ते मानाचं होतं." साहेब म्हणाले, "मान की मोबदला, हे मला बघावं लागेल. मी जागेवर येतो." भावजी समोरच्या बाकावर बसले होते. त्यांच्या तोंडावर विजय नव्हता. पण एक ताठा होता, आणि तो मला जुन्या ओळखीचा वाटला. लहानपणापासून त्यांनी ते सूप आपल्या आईच्या पदरात पडताना पाहिलं होतं. मागचे लोक आपल्याला मान देतात, आपण पुढच्या रानाचे धनी, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. त्यांना तरी काय दोष द्यायचा?

बाहेर चहाच्या टपरीवर तो वकील मला भेटला. मी तोंड फिरवलं, तर त्यानं माझ्याही चहाचं सांगितलं. पोरगं वाईट नव्हतं. म्हणाला, "ताई, राग मानू नका. ही भांडणं फार जुनी आहेत. कायदा इंग्रजांकडून आला. तिकडं विलायतेत कोळशाच्या खाणीवाले नदीपर्यंत कोळशाच्या गाड्या न्यायचे, आणि मधल्या रानांचे मालक वाट अडवायचे. दर गाडीमागं काही द्या म्हणायचे. पिढ्यान् पिढ्या चाललं ते. हक्क कुणाचा आणि मेहेरबानी कुणाची, हाच वाद."

मी म्हटलं, "आमच्याकडं इंग्रज नव्हते. निजाम होता."

तो हसला. "कायदा सगळीकडचा एकच झाला ना आता."

एसटीत बसल्यावर मी त्या कोळशाच्या गाड्यांचाच विचार करत होते. कोळसा निदान थांबतो तरी. वाट मिटेपर्यंत ढीग घालून ठेवता येतो. द्राक्ष थांबत नाही. व्यापाऱ्यानं एकदा येऊन घड बघितले, गोडी बघितली, खूश झाला, आणि फाटकाचं कुलूप बघून म्हणाला, "मावशी, टेम्पो आत आणायची सोय करा, मग फोन करा." त्यानंतर आठ दिवस मी आणि दोन बाया डोक्यावर क्रेट घेऊन बांधावरून चाललो. एका क्रेटला एक फेरी. दिवसभरात जेवढे निघायचे, त्याच्या दुप्पट घड बागेत तडकायचे. मधमाश्या लागल्या. मी कुणासमोर रडत नाही, पण बागेत घडांच्या आड कुणी नसतं.

पाहणीच्या दिवशी साहेब आले. तलाठी आले, दोन पंच, भावजी, त्यांचा वकील. सगळे फाटकापाशी जमले. साहेबांनी वाट बघितली. कुंपणाच्या आत चाकोऱ्या अजून दिसत होत्या, मधल्या गवतासकट. गावचा नकाशा उघडला. त्यात वाट नव्हती. वकिलानं पुन्हा सुपाचं काढलं.

साहेबांनी विचारलं, "ते सूप घ्यायचं कोण?"

भावजी म्हणाले, "आई. चिंचेखाली बसलीय."

साहेब चिंचेखाली गेले. आम्ही मागं. काकूंनी डबा बाजूला ठेवला, पदर सारखा केला. साहेबांनी खाली बसून विचारलं, "आजी, मागच्या रानाची गाडी जाताना तुम्ही धान्य घेत होता?"

"व्हय. घेत व्हते."

"कशाचं?"

काकूंनी भावजींकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता त्या म्हणणार, वाटेचं. म्हणायलाच पाहिजे होतं. लेक समोर उभा, लेकाचा वकील समोर उभा. शिवाय मी त्यांची येळवशीची हाक मोडलेली बाई.

काकू म्हणाल्या, "लिवून घ्या साहेब, दोनदा सांगायचं न्हाय मला. वाट त्यांचीच हाय. आमच्या सासऱ्यांनी वाटणी केली तवा ह्याच चिंचंखाली उभं राहून सांगितलंय, मागल्याची गाडी पुढल्यातनं जाईल, कुणी कुणाला इचारायचं न्हाय. म्या कानानं ऐकलंय."

"मग सूप?"

काकू बोलल्या ते जमिनीकडं बघून.

"हा पोटात व्हता तवाची गोष्ट हाय. ह्याचा बाप अंथरुणाला खिळलेला. रान पडीक. घरात दाणा न्हवता. कुणाच्या दारात जायचं न्हाय, हा माझा हेका. थोरल्या जाऊबाईनं दोनदा शेर-पायली धाडली, म्या दोन्ही येळंला माघारी लावली. म्हणलं, भीक नगं. मग त्यांची सुगी झाली. पहिली गाडी निघाली, आन् बाईनं ती हितं, माझ्यापशी थांबवली. सूप भरलं आन् म्हणाली, पदर धर. म्या म्हणलं, बाई, भीक नगं म्हणलंय ना? तर म्हणाली, भीक कुठली? तुझ्या रानातनं माझी गाडी जाती. वाटंचा मान हाय, घ्यावाच लागतोय. न्हाय घेतलास तर गाडी हलायची न्हाय." काकूंनी पदराचं टोक मुठीत घेतलं. "मान म्हणल्यावर म्या पदर धरला."

तलाठ्याचं लिहिणं थांबलं होतं.

"त्या साली एक सूप न्हवतं, साहेब. खेपंला एक सूप. आन् ज्वारी व्हती पाच खेपांची. बाईनं अकरा खेपा केल्या. गाडी अर्धी अर्धीच भरायची. गडी इचारायचे, वैनी, अर्धी का? तर म्हणायची, वाट खराब हाय, बैल दमत्यात. बैल कुठं दमत व्हते? मला कळत व्हतं. तिला बी ठाव व्हतं मला कळतंय ते. पण ती कधी बोलली न्हाय, म्या कधी बोलले न्हाय. ती मरंस्तवर न्हाय. त्या अकरा सुपांवर हा जलमला." भावजींकडं बोट करून त्या म्हणाल्या, "आन् आज हाच म्हणतुया, ते आमचं भाडं व्हतं."

मी माझ्या सासूबाईंजवळ एकोणीस वर्षं राहिले. एका चुलीवर स्वयंपाक केला. एवढं सगळं त्यांनी एका वाक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं होतं, आणि मी ते तसंच अर्जात उतरवलं होतं, 'अनुमती' लावून. आणि ज्या बाईनं आयुष्यभर ती लाज कुणाला दिसू दिली नाही, तिनं ती पंचांसमोर, सरकारी कागदावर, स्वतःच्या लेकासमोर उघडी केली. का, तर माझा टेम्पो जावा म्हणून. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं मला आठवत नाही. सख्ख्या माणसांनीही नाही.

वकिलानं चष्मा काढून पुसला. साहेब तलाठ्याला म्हणाले, "वाटणीपासून वाट चालू आहे, एवढं लिहा. बाकीचं लिहायची गरज नाही." त्याबद्दल त्या साहेबांचेही मी मनातल्या मनात आभार मानते. काकू म्हणाल्या होत्या लिहून घ्या, पण सगळंच लिहायचं नसतं हे साहेबांना कळलं. सव्वीस वर्षं लिहून मला कळलं नव्हतं.

भावजींनी खिशातून किल्ली काढली, फाटकापाशी गेले आणि कुलूप काढलं. निकालाचा कागद यायला पुढं बारा दिवस लागले, पण फाटक त्याच दिवशी उघडलं. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "भावजी, त्या नळीचं मी चुकीचं बोलले." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी." कुलूप खिशात टाकलं आणि पुन्हा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. बागेत निम्मा माल उरला होता. तोही पहिल्या प्रतीचा नाही, सोलापूरच्या बाजारात जाईल तेवढा. ड्रायव्हरनं क्रेटकडं बघून सांगितलं, "मावशी, थप्पी लावून भरलं तर हायवेच्या गाडीपर्यंत तीन खेपांत आटपतंय." हायवेला मोठी गाडी थांबलेली होती, तिथवर टेम्पोनं माल न्यायचा होता.

पहिला टेम्पो भरला. मी एक क्रेट काकूंसाठी वेगळा काढला, चांगले घड निवडून. आता तो द्यायची कायद्यानं गरज नव्हती, आणि आता तर तो द्यायचाच होता. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून निघाले. चिंचेपाशी काकू उभ्या होत्या. कुंकवाचा करंडा हातात असेल असं मला वाटलं. पण त्यांच्या पायाशी पोतं होतं, तोंड सोडलेलं, आधी पिकलेल्या तुकड्यातल्या नव्या ज्वारीचं. पोत्यापाशी भावजी खाली बसून सूप भरत होते.

मी क्रेट घेऊन उतरले. काकूंनी क्रेट घेतला, बाजूला ठेवला. बॉनेटला कुंकू लावलं. मग भावजींच्या हातातून सूप घेतलं आणि माझ्यासमोर आल्या.

"पदर धर."

मी म्हटलं, "काकू, हे कशाला? उलटं झालं हे. मी द्यायचं असतं."

"वाटंचा मान हाय," काकू म्हणाल्या. "घ्यावाच लागतोय."

आदल्या दिवशीच मी त्या शब्दांचा अर्थ ऐकला होता. तारेपलीकडून त्यांनी दीड महिना माझा डबा बघितला होता. माझा चेहरा गरम झाला. नको म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तेच, जे त्यांच्याही ओठांवर आलं असणार, भावजी पोटात असताना. मी भावजींकडं बघितलं. ते मुद्दाम टेम्पोच्या टायरकडं बघत होते.

मी पदर धरला. ज्वारी पडली. नव्या ज्वारीचा वास आला आणि मला भाकरीची अशी भूक लागली की डोळ्यांत पाणी आलं.

टेम्पो निघायच्या आधी काकू ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेल्या. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही.

"आरं बाबा, पुढल्या खेपंला गच्च भरू नगं. अर्धाच भर."

ड्रायव्हर म्हणाला, "का वो आजी? दोन खेपंत बसतंय की ऱ्हायलेलं सगळं."

"वाट खराब हाय," काकू म्हणाल्या. "टायर रुतत्यात."

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून चाकोरीकडं बघितलं. उन्हानं ती फरशीसारखी टणक झाली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "त्या म्हणतील तसं कर."

त्या दिवशी टेम्पोनं पाच खेपा केल्या, आणि पाचही वेळा मी पदर धरला.